मेथीचे दोन ढीग

आमच्या घरात मेथी निवडायची एक पद्धत आहे. जमिनीवर जुना पेपर पसरायचा, मधोमध जुडी सोडायची. उजवीकडं चांगल्या पानांचा ढीग, त्याचं नाव ओके. डावीकडं पिवळी पानं, किडकी पानं आणि जून देठं, त्याचं नाव रिजेक्ट. नावं आमच्या ह्यांनी ठेवलेली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत हे तपासणीच्या टेबलावर आहेत. आलेला भाग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, चांगला असला तर ओके, वाया गेलेला असला तर रिजेक्ट, आणि थोडक्यात सुधारण्यासारखा असला तर रिवर्क, म्हणजे परत मागं पाठवून दुरुस्त करायचा. माणूस आयुष्यभर हेच करत आलाय, मग त्याच्या हातात मेथी दिली तरी तो दुसरं काय करणार?

पण हे हात मेथीला लागायला बराच काळ जावा लागला. त्याआधी ह्यांना मेथी ताटातसुद्धा गरम मिळत नव्हती.

आम्ही लातूरकडचे. लग्न झाल्यावर थेरगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, त्या आजतागायत त्याच. घरमालकीण काकू इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. शेतं गेली, तिथं इमारती आल्या, गोठ्याचं पार्किंग झालं, पण काकूंची बोली आणि काकूंचा आवाज काही बदलला नाही. हे कायम सेकंड शिफ्टला. दुपारी कंपनीची बस यायची, रात्री उशिरा सोडायची, त्यात ओव्हरटाइम. रविवारी दुप्पट पगार मिळतो म्हणून रविवारीही. आमची मुलगी सकाळी उठायची तेव्हा हे झोपलेले, हे उठायचे तेव्हा ती शाळेला गेलेली, आणि हे यायचे तेव्हा ती झोपलेली. मी तिला सकाळभर गप्प बसवायची. हळू बोल, बाबा झोपलेत. भांडं वाजवू नको, बाबा झोपलेत. तिच्या लेखी बाबा म्हणजे आतल्या खोलीतलं पांघरूण.

आणि हे सगळं कशासाठी, तर फोरव्हीलरसाठी. दसऱ्याला गाडी आणायची असं ठरलं होतं. रंगसुद्धा ठरला होता. मी माहेरी-सासरी फोन करून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, विशेषतः माझ्या धाकट्या जावेला, कारण तिच्या दारात गाडी येऊन वर्ष झालं होतं आणि ती ते मला विसरू देत नव्हती.

त्या वर्षी गणपती विसर्जनाला ह्यांनी कधी नव्हे ती सुट्टी घेतली. गल्लीत ढोल-ताशा चालला होता. मुलगी पुढं उभी राहून नाचत होती, आम्ही दोघं जरा मागं. कुणीतरी अगदी पायाशी फटाक्यांची माळ लावली. पोरगी किंचाळली आणि मागं वळून पळत सुटली. हे दोन्ही हात पसरून खाली वाकले. ती त्यांच्याकडंच येतेय असं मलाही वाटलं. ती त्यांच्या हाताला घासून पुढं गेली आणि पायरीवर बसलेल्या काकूंच्या मांडीत जाऊन तिनं तोंड लपवलं.

हे तसेच वाकलेले राहिले. मग सावकाश उठले, हात झटकले, जणू काही पडलेलं उचलायला वाकले होते. काकूंनी ते पाहिलं. त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रागावू नगा तिच्यावर. पोरीला तुमी दिसताच कवा?"

काकूंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण हे दोन दिवस जेवलेच नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी घरी आले ते फर्स्ट शिफ्ट मागून घेऊन आणि ओव्हरटाइम सोडून. गाडीचं बुकिंग रद्द. मला विचारलंसुद्धा नाही हो. माझा पारा असा चढला की काय सांगू. मी म्हटलं, आता माहेरी काय तोंड दाखवू? त्यांना कंपनीत मित्रांनीही वेड्यात काढलं. लोक ओव्हरटाइमसाठी सुपरवायझरच्या मागं मागं फिरतात आणि हा राव हातातला सोडतोय. हे मला एवढंच म्हणाले, "कामून चिडतीस? गाडी आली असती, पण आपली पोरगी काकूंशेजारी बसली असती."

मी उठले आणि भांडी जोरात घासली.

पगार उतरला तसं घरातलं एकेक बदलत गेलं. ह्यांनी पहिला नियम काढला, कोणतीही वस्तू विकत आणायच्या आधी माळ्यावर बघायचं. आमच्याकडं कंपन्या दिवाळीला कामगारांना भेटी देतात, त्या घरोघरी माळ्यावर खोक्यातच पडलेल्या असतात. मी कुकर घ्यायला निघाले होते. हे स्टुलावर चढले आणि वरून कुकर निघाला. शिवाय डब्यांचा संच, चादरी, प्रवासाच्या बॅगा, एक मिक्सर. आम्ही ह्याच वस्तूंसाठी रात्रीचा दिवस करत होतो आणि ह्याच वस्तू आमच्या डोक्यावर धूळ खात होत्या. मला हसूही आलं आणि संतापही.

दुसरा बदल जेवणाचा. हे घरी नसायचे तेव्हा मी आणि मुलगी रविवारी डांगे चौकातून मंचुरियन आणून खायचो. ते बंद झालं. पोरगी आठवडाभर फुगून बसली. मग हे आम्हाला रविवारी स्कूटरवर देहूच्या बाजूला न्यायला लागले. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा. इंद्रायणीकाठी झाडाखाली बसून खायचं, येताना रस्त्याकडेला शेतकरी बसलेले असतात त्यांच्याकडून ताजी भाजी घ्यायची. पहिल्या दोन रविवारी पोरगी स्कूटरवर माझ्या मागं बसली. ह्यांच्या पाठीला तिचा हात लागणार नाही अशा बेतानं.

साधं राहायचं म्हटलं तरी माणसाची हाव एकदम जात नाही हेही सांगते. थंडीत चाकणच्या बाजारात कांदा फार पडला, फार स्वस्त झाला. ह्यांनी मोहात पडून दोन पोती घेतली आणि कंपनीच्या बसमध्ये सीटखाली घालून आणली. शेतकऱ्याचा मुलगा तो. त्याला माहीत होतं की थंडीतला लाल कांदा टिकत नाही, टिकतो तो उन्हाळी. पण स्वस्त दिसलं की शेतकऱ्याच्या मुलालाही भूल पडते. आठ-दहा दिवसांत आतली खोली वासानं भरली, पोत्यातून पाणी गळायला लागलं. शेवटी चांगले कांदे निवडून आम्ही सगळ्या गल्लीत वाटले. काकू म्हणाल्या, आमी जल्मभर कांदा पिकवला, तुमी खोलीत सडवायला शिकलात व्हय. पण त्या कांद्यांच्या बदल्यात कुणी लोणचं दिलं, कुणी कुरडया. काही विकत न घेता आमचा माळा परत भरला, पण या वेळी खायच्या वस्तूंनी.

सगळ्यात अवघड होतं वाचन. टीव्हीचा रिचार्ज संपला तो आम्ही भरला नाही. मग संध्याकाळी करायचं काय? हे चारला घरी येणार, चहा पिणार, आणि बापलेक एकमेकांकडं बघत बसणार, लग्नाला आलेल्या अनोळखी पाहुण्यांसारखे. तिला काय बोलावं कळेना, ह्यांना तर त्याहून कळेना. एक दिवस हे रद्दीवाल्याकडून लहान मुलांच्या गोष्टींची जुनी पुस्तकं घेऊन आले. मी मेथी निवडत होते, पोरगी मला चिकटून बसलेली. हे समोर बसले आणि वाचायला लागले.

देवा रे. ह्यांनी दहावीनंतर वाचलं काय होतं, तर कंपनीतल्या भिंतीवरच्या सूचना. राजा दरबारात आला, हे त्यांनी अशा सुरात वाचलं, जणू हेल्मेट घातल्याशिवाय प्रवेश नाही. राणी रडू लागली, तीही त्याच सुरात. जोडाक्षर आलं की थांबायचे, घसा खाकरायचे. मला हसू दाबता येईना. पोरगी मात्र मान वर करून बघायला लागली. राक्षसाच्या ठिकाणी ह्यांनी रक्षक वाचलं, तेव्हा ती पहिल्यांदा त्यांच्याशी आपणहून बोलली. "राक्षस आहे ते," ती म्हणाली.

मी ह्यांच्याकडं बघितलं. माणूस असा खूष झाला होता जणू त्याला बोनस मिळाला. पुढं एकदोनदा तर ते मुद्दाम चुकले, मी सांगते ना तुम्हाला. तिथूनच नियम झाला की जो वाचताना चुकेल त्यानं लसूण सोलायचा. आमच्या घरात त्या हिवाळ्यात जितका सोललेला लसूण होता तितका एखाद्या खानावळीत नसेल.

मग पुस्तकं पुरेनात. थेरगावातल्या वाचनालयात नाव घातलं. एकानं वाचायचं, दोघांनी निवडायचं, असं रोजचं झालं. वाटाणे सोलायचे, शेंगा फोडायच्या, तांदळातले खडे वेचायचे, आणि मेथी असली की ओके आणि रिजेक्ट. ती बापाच्या ढिगातलं एखादं पान उचलून डोळ्यांजवळ न्यायची, साहेबासारखी भुवई वर करायची आणि रिजेक्टमध्ये टाकायची. हे वाद घालायचे. आणि या सगळ्यात तिची बसायची जागा सरकत होती. आधी माझ्याजवळ, मग मधे, मग त्यांच्याजवळ. एक दिवस मी वळून पाहिलं तर ती त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती आणि हे पाय अवघडला तरी हलवत नव्हते. मी या माणसाशी इतकी वर्षं संसार करतेय, पण इतका हट्टीपणा आणि इतका धीर त्याच्यात एकाच वेळी असेल हे मला ठाऊक नव्हतं. मी कुणापुढं त्याचं कौतुक करत नाही, सवय नाही आमच्याकडं. इथं करते.

गाडीविना दोन दसरे गेले. जाऊबाईंनी विचारायचं सोडलं. आणि मग यंदा संक्रांतीच्या सुमाराला हे घरी आले ते गप्प. चहा झाल्यावर सांगितलं. साहेबांनी बोलावलं होतं. सेकंड शिफ्टचं इन्चार्जपद रिकामं झालंय, तुलाच देतो म्हणाले. पगार वाढणार, हाताखाली माणसं. फक्त शिफ्ट कायम दुसरी, आणि जास्तीचे तास ओघानं आलेच. संध्याकाळपर्यंत फोन कर म्हणाले.

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांपुढं आधी गाडीच आली. तोच रंग. मी म्हटलं, अहो, पोरगी आता मोठी झाली, तुम्हाला ओळखते. एकदोन वर्षांचा तर प्रश्न. मग वाटलं तर सोडा. हेही म्हणाले की साहेबांना नाही म्हटलं तर परत कधी विचारणार नाहीत. आम्ही दोघं हळूहळू होकारावर आलो. काकूंच्या जुन्या गोठ्यात गाडी मावेल का इथपर्यंत बोलणं गेलं.

पोरगी पेपर पसरून मेथी निवडत होती. आमच्याकडं बघत नव्हती. वाचनालयाचं पुस्तक तिच्या शेजारी होतं, मधे खूण घातलेलं; त्या दिवशी वाचायची पाळी ह्यांची होती. मी सहज तिच्याकडं वळले तर उजवीकडं पेपर कोरा. जुडी संपत आली होती आणि सगळी पानं डावीकडं. हिरवीगार, कोवळी, त्याच सकाळी आणलेली मेथी, एकूण एक रिजेक्टमध्ये.

मी ओरडणारच होते. म्हटलंही, अगं, चांगली मेथी आहे ती, कळतंय का तुला?

ती मान वर न करता म्हणाली, "चांगली आहे का वाईट, ते कोण सांगणार आता? बाबा तर नसणार."

ह्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच बसल्या जागी साहेबांना लावला. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. गाडीची मला आठवण झाली का? झाली. पण मान हलवली ती मनापासून. हे म्हणाले, "साहेब, आभारी आहे. पण मला फर्स्ट शिफ्टलाच राहू द्या." पलीकडून बरंच बोलणं आलं असावं. हे फक्त हो साहेब, नाही साहेब म्हणत राहिले, आणि फोन ठेवला.

मग ते सरकून तिच्यासमोर बसले, डावा ढीग दोघांच्या मधे ओढला आणि म्हणाले, चला मॅडम, एवढा माल वाया घालवता येत नाही, रिवर्क करावं लागेल. ती तरी हसेना. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायलाही ती तयार नव्हती. ह्यांनी ढिगातलं एक पान उचललं, देठाला धरून तिच्या डोळ्यांपुढं केलं आणि थांबले. ती बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं ते पान हातात घेतलं आणि उजवीकडं ठेवलं.

"ओके," ती म्हणाली.

त्यांनी दुसरं पान उचललं.