नारूच्या पेपरावरचं सातवं नाव

माझ्या नावावर जगात संशोधनाचा एकच पेपर आहे, आणि त्यात माझं नाव सातवं आहे. "आठवं असतं तर छापणाऱ्यांनी जागा वाचवायला कापलंच असतं," असं आमचे साहेब तेव्हा मला समजुतीच्या सुरात म्हणाले होते. म्हणजे मी उपकारच मानायचे होते.

काम नारूचं. आजच्या पोरांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं, ही लय आनंदाची गोष्ट आहे. बारवेच्या पाण्यातून हा किडा पोटात जायचा, वर्षभर गुपचूप वाढायचा आणि ऐन कामाच्या दिवसांत पायातून दोऱ्यासारखा बाहेर यायचा. मग तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली की तुटला, आणि पाय सुजून माणूस आडवा. परभणी जिल्ह्यात असे पाय गावोगाव होते. परभणीतच आमचं एक छोटं संशोधन केंद्र होतं, एका सरकारी इमारतीच्या मागच्या खोल्यांत, आणि मी तिथली तात्पुरती डॉक्टर. तात्पुरती म्हणजे अकरा महिन्यांचा हुकूम, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. पक्कं व्हायचं तर आपण केलेल्या कामाचा पेपर छापून यावा लागे. मला पक्कं व्हायचं होतं. आणि खरं सांगते, त्याहून जास्त मला माझं नाव छापलेलं बघायचं होतं.

राणीसावरगावच्या बाजूला एक सबंध उन्हाळा मी बारवेच्या पायऱ्यांवर बसून काढला. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. एस.टी. कधी बंद होईल, स्टँडवर कधी पोलीस उभे राहतील, काही भरवसा नव्हता. एका नावासाठी माणसांची घरं जळत होती, माणसं लाठ्या खात होती, जेलात जात होती. नाव म्हणजे काय चीज असते हे मला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

पाण्याला आलेल्या बाया विचारायच्या, "बाई, तुमी काय बघायलाव वो असं टक लावून? कुणी उडी मारली काय?"

"पाणी कोण कसं पितंय ते बघायलेय," मी सांगायची. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. डॉक्टरीण झाली अन् डोक्यावर परिणाम झाला, असा त्यांचा निकाल होता.

तेव्हा जो तो पाणी गाळून प्यायला सांगत होता. नारू मात्र हटत नव्हता. खेड्यातल्या बाया आळशी, गाळतच नसतील, असं आमच्या केंद्रात पंख्याखाली बसून ठरून गेलेलं. आता मी बसून बघितलं, तर बाया बिचाऱ्या दुहेरी फडकं लावून घागरी भरत होत्या. घोळ निराळाच होता. शेतावर निघालेला गडी, मेंढरं घेऊन हिंडणारा धनगर, मजुरीला चाललेली बाई, हे सगळे बारवेत उतरून ओंजळीनं पाणी प्यायचे. तिथं कुठलं फडकं? आणि नारूचा दुखरा पायही त्याच पाण्यात गार करायला बुडवायचा, की किड्याची पिल्लं पुन्हा पाण्यात. मी एका म्हाताऱ्या धनगराला म्हटलं, "काका, पटक्याचं टोक तोंडावर धरा अन् त्यातून पाणी ओढा."

"पटका डोक्याला असतोय का पाणी पियाला?" तो म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पटक्याचं टोक दातात धरून पिताना मला तोच दिसला. मला नाचावंसं वाटलं. पुढच्या वर्षी त्या बाजूला नारूचे पाय कमी झाले, आणि मी ते सगळं लिहून काढलं.

इथवर काम माझं होतं. इथून पुढं ते केंद्राचं झालं.

साहेबांच्या मुलीचं लग्न त्याच महिन्यात ठरलेलं. आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, लग्नपत्रिकेचा मजकूर करण्यात सगळ्या परभणीत नावाजलेले. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कोण रुसेल, कोण जेवायला यायचं नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एका टेबलावर पत्रिका, दुसऱ्यावर माझा पेपर. साहेब म्हणाले, "बडेबाबू, बाईंच्या पेपरावरची नावंही तुम्हीच लावून टाका. दस्तुराप्रमाणे."

बडेबाबूंनी दस्तुराप्रमाणे लावली. सगळ्यात वर कै. म्हणून केंद्राचे पहिले प्रमुख. हे गृहस्थ मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. त्यांच्याखाली साहेब. मग उपसाहेब. मग साहेबांचे साडू, जे कृषी विद्यापीठात जनावरांचे डॉक्टर होते आणि ज्यांनी आम्हाला एक जुना मायक्रोस्कोप वापरायला दिला होता. मग तालुक्याचे डॉक्टर, कारण त्यांचं नाव नाही घातलं तर ते जीप देणार नाहीत. मग आकडेमोडीचे मास्तर. आणि मग मी. खाली 'हेच आग्रहाचं निमंत्रण' तेवढं टाकायचं राहिलं होतं.

मी तावातावानं साहेबांच्या खोलीत गेले. "सर, पहिलं नाव गेलेल्या माणसाचं?"

"अहो बाई, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद नको का?" साहेब हसले. "लग्नपत्रिकेत पहिलं नाव आजोबांचं असतं. म्हणून काय आजोबांचं लग्न लागतं का? लोकांना कळतं हो, नवरी कोण ते!"

माझा अकरा महिन्यांचा हुकूम त्यांच्याच सहीनं निघायचा. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

पेपर परदेशातल्या एका मासिकात छापून आला. तिकडच्या संपादकांना आपल्या मानपानाचं काय? त्यांनी नावांमागचे डॉक्टर, प्राध्यापक, श्री सगळे कापून काढले. त्यात 'कै.'ही गेलं. 'कै.' गेलं आणि माणूस जिवंत झाला.

तेव्हा झेरॉक्सची एवढी सोय नव्हती. कुणाला पेपर हवा असला की तो पहिल्या नावाला कार्ड पाठवून प्रत मागायचा. महिन्या दोन महिन्यांत कार्डं यायला लागली. आफ्रिकेतून, रशियातून, कुठकुठल्या देशांतून, रंगीबेरंगी तिकिटं लावलेली. सगळी आमच्या कैलासवासी प्रमुखांना. आपल्या मौलिक कार्यानं आम्ही भारावून गेलो आहोत, पटक्याची कल्पना थोर आहे, आपली तब्येत कशी आहे. पोस्टमन आधी चक्रावला, मग तेही सवयीचं टपाल झालं. दुसऱ्यांच्या पेपरांत आमचा दाखला यायला लागला, तोही त्यांच्याच नावानं, पुढं 'व इतर'. मी 'व इतर'मध्ये होते. त्यातही सगळ्यात शेवटी.

लग्न आजोबांचंच लागलं होतं.

या दाखल्यांचंही एक शास्त्र असतं, हे मला साहेबांनी शिकवलं. तो आहेर असतो. आपण त्यांचा दाखला द्यायचा, ते आपला देतात, परतीचा आहेर. साडूंनी म्हशींच्या जंतांवर पेपर लिहिला, त्यात आमच्या साहेबांचं नाव दुसरं होतं. साहेबांचा म्हशीशी संबंध चहापुरताच. पण अहवालात त्याला 'दोन संस्थांचं सहकार्य' म्हणाले. मायक्रोस्कोपच्या भिंगाला बुरशी आली होती आणि मला कृषी विद्यापीठात हेलपाटे घालून तो दुरुस्त करून आणावा लागला होता, तेही सहकार्यातच धरलं असावं.

शेवटी पक्क्या जागेची मुलाखत निघाली. बाहेरगावाहून एक मोठे तज्ज्ञ आले होते. शेजारी साहेब. तज्ज्ञांनी माझा अर्ज उघडला आणि एकदम ताठ बसले.

"हा पेपर? अहो, मी याचा दाखला माझ्या पुस्तकात दिलाय! या गृहस्थांना मी फार मानतो. तुम्ही त्यांच्या हाताखाली शिकलात?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, होऊन जाऊ दे. "सर, ते गेले तेव्हा मी कॉलेजात होते. मी त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. बारवेवर मी बसले होते. पेपर मी लिहिला."

साहेबांचा चेहरा पडला. क्षणभरच. मग त्यांनी हात जोडले आणि गहिवरून म्हणाले, "ऐकलंत ना सर? गुरूंना बघितलं नाही, पण त्यांनी दाखवलेल्या वाटेवर एकटीनं काम पुरं केलं. एकलव्य आहे आमची बाई, एकलव्य!"

"वा!" तज्ज्ञ म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "अशी माणसं हवीत."

मी पक्की झाले. खरं बोलून नोकरी मिळालेली परभणीत बहुधा मी एकटीच असेन, आणि ते खरं कुणी ऐकलंही नव्हतं. आनंद झाला नाही असं नाही. पेढे वाटले. मी मात्र खाल्ला नाही.

एकलव्य ठरल्यावर पुढचं सगळं ओघानं आलं. प्रमुखांच्या पुण्यतिथीला केंद्रात त्यांची तसबीर लावायची ठरली, पेपर चौकटीत घालून शेजारी. हार शिष्येनं, म्हणजे मी, घालायचा. त्यांच्या पत्नी स्टेशनच्या बाजूला राहायच्या, त्यांना मानानं रिक्षातून आणलं. पांढऱ्या लुगड्यातली, करारी चेहऱ्याची बाई. सगळे त्यांना काकू म्हणायचे. त्यांना माझ्या शेजारची खुर्ची दिली. पुढं साहेबांचं भाषण रंगात आलेलं: गुरुवर्य उन्हातान्हात बारवेच्या पायऱ्या कसे उतरत, धनगरांशी कसे बोलत.

काकू माझ्याकडं वळल्या. हळूच म्हणाल्या, "हे कधी झालं गं? ह्यांना त्या नारूचा लय किळस. जेवताना कुणी नाव काढलं तर ताटावरून उठायचे. बारवेचं तर सोडच, घरच्या हौदातसुद्धा वाकून बघायचे न्हाईत, भ्यायचे. कुणी केलं हे?"

"मी," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात साहेबांनी त्यांना दोन शब्द बोलायला बोलावलं. काकू उठल्या, माइकपाशी गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "आमचे हे माणूस लय चांगले होते. पण हे काम त्यांचं न्हाई. ते बारवेत कधी उतरलेच न्हाईत. हे काम तिथं बसलेल्या त्या पोरीचं हाय. तिचं कौतुक करा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि साहेबांनी रुमाल काढला, डोळ्यांना लावला. "केवढी ही नम्रता! पतीच्या कीर्तीतला वाटासुद्धा त्यांच्या शिष्येला देऊन टाकला! याला म्हणतात सहधर्मचारिणी!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पहिल्या रांगेत साडू उभे राहून टाळ्या वाजवत होते.

काकू परत येऊन बसल्या. कपाळाला आठ्या. "मेल्यांना कानच न्हाईत," त्या पुटपुटल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझं नाव काय गं?"

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं, वडलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. काकूंनी ते एकदा माझ्यासमोर म्हणून बघितलं, बरोबर आलं का म्हणून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मला रडू आवरत नव्हतं.

"ऊठ आता," त्या म्हणाल्या. "हार घाल जा. सगळे थांबायलेत."