पॉइंट सात मत

"हे पॉइंट सात मत ज्याने दिलं, तो माणूस मला दाखवा," ओकामोतो-सान म्हणाले.

ते माझ्या टेबलासमोर उभे होते. सोमवारची सकाळ. टोकियोतल्या एका वॉर्डाचं स्पोर्ट्स सेंटर. आदल्या दिवशी वॉर्ड कौन्सिलचं मतदान झालं होतं, आणि बास्केटबॉल कोर्टवर टेबलं मांडून मोजणी चालू होती. मतांचे आकडे जमा करणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. मोजणीच्या दिवशी सिस्टिमजवळ आमचा एक इंजिनिअर बसवतात. या वेळी मी होते. मतपत्रिकेला हात लावायचा नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढ्या दोन सूचना.

ओकामोतो-सान सत्तरीचे. त्यांचं तांदळाचं दुकान आहे. हाशिमोतो नावाच्या जुन्या मेंबरने त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून मोजणीला बसवलं होतं. हाशिमोतो चार टर्म निवडून आलेले. आता शेवटच्या सीटसाठी ते आणि सातो हिसाको अशी दोनच नावं उरली होती. सातोबाई पाळणाघरांच्या प्रश्नावर लढत होत्या. याआधी दोनदा पडल्या होत्या. स्क्रीनवर दोघांची मतं सारखी. फक्त सातोबाईंच्या आकड्यापुढे पॉइंट सात.

इथलं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. वॉर्डाचा मेयर लोक थेट निवडतात. त्याचं बजेट पास करणारं कौन्सिल वेगळं निवडलं जातं. पुण्यात नगरसेवक प्रभागाचा असतो. इथे कौन्सिलसाठी अख्खा वॉर्ड म्हणजे एकच प्रभाग. मतदाराने एकच नाव द्यायचं. ज्यांना जास्त मतं, ते वरून खाली निवडून येतात, सीटा संपेपर्यंत. चिन्ह नाही, बटण नाही. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने नाव लिहायचं.

काही लोक फक्त आडनाव लिहितात. सातो हे आडनाव इथे आपल्याकडच्या पाटलांसारखं, आणि या निवडणुकीत दोन सातो उभे होते. नुसतं 'सातो' लिहिलेलं मत बाद होत नाही. ते दोघांत वाटलं जातं, दोघांना पूर्ण नावाने जितकी मतं पडली त्या प्रमाणात. सातोबाईंना अशा प्रत्येक मतातला साधारण पॉइंट सहा मिळत होता, दुसऱ्या सातोंना उरलेला पॉइंट चार. म्हणून मताला दशांश चिन्ह. नोकरीला लागले तेव्हा ते पाहून मी बग रिपोर्ट टाकला होता. तो "हा कायदा आहे" अशा शेऱ्यासह परत आला.

मोजणीचे प्रमुख नोगुची-सान आले. सडपातळ माणूस, आवाज कधी चढत नाही.

"जोशी-सान, यांना सांगा."

जपानीत जोशी म्हणजे बाई, आणि 'जो' जरा लांबवला तर बॉस. त्यामुळे माझं नाव घेतलं की लोक आधी थोडे गोंधळतात. ओकामोतो-सान गोंधळले नाहीत. मी भागाकार कागदावर करून दाखवला. त्यांनी तो स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा केला. बरोबर आला. त्याने ते जास्तच नाराज झाले.

"समान मतं पडली असती तर?"

"चिठ्ठी काढली असती," नोगुची-सान म्हणाले.

"चिठ्ठी मला पटते. हे नाही पटत. नुसत्या 'सातो' वाल्या मतपत्रिका मला पुन्हा बघायच्या आहेत."

"त्या गठ्ठ्यावर तुमचाही सहीचा शिक्का आहे."

"तेव्हा चष्मा लावला नव्हता."

निकाल अजून जाहीर झाला नव्हता. नोगुची-सान यांनी सगळ्या प्रतिनिधींना बोलावलं आणि गठ्ठा उघडला. ओकामोतो-सान यांनी चष्मा लावला. एकेक कागद पुढे सरकत होता. सातो. सातो. सातो-सान. 'सान' चालतं, आदरार्थी शब्दाला कायद्याची हरकत नाही. पलीकडे सातोबाईंची प्रतिनिधी, एक तरुण आई, दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून बसली होती.

"हे काय आहे?"

कागदावर 'सातो' आणि खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, 'गाम्बारे'. म्हणजे नेट लावा, मागे हटू नका. कोणत्या सातोने, ते लिहिलं नव्हतं.

मत गुप्त असतं, म्हणून नावाशिवाय दुसरं काही लिहिलं की ते बाद. शुभेच्छासुद्धा. नोगुची-सान यांनी सगळ्यांचं मत विचारलं. त्या तरुण आईने पुढे वाकून कोपऱ्यातलं ते अक्षर वाचलं. मग म्हणाली, "नियम तसाच आहे."

"जोशी-सान, एक कमी करा."

मी आकडा बदलला. मला इथे मत नाही. टॅक्स भरते, पण नागरिक नाही. सातोबाई येवोत की हाशिमोतो, टोकियोतल्याच ओजिमा भागातल्या माझ्या घरावर काहीच फरक पडणार नव्हता. तरी एंटर दाबायला मला वेळ लागला.

पॉइंट सातातून पॉइंट सहा गेले. उरलं पॉइंट एक.

नोगुची-सान यांनी प्रिंट काढायला लावली, दोनदा वाचली आणि शेवटची सीट सातो हिसाको यांना गेल्याचं सांगितलं. तरुण आई उठून सगळ्यांना वाकली आणि तशीच बराच वेळ वाकून राहिली. ओकामोतो-सान यांनी शिक्का काढला आणि या वेळी नीट वाचून मारला.

मग ते फोन करायला बाहेर गेले. परत आले ते थेट माझ्याकडे. मला वाटलं, आता पुन्हा भागाकार.

"हाशिमोतो-सान यांनी विचारलं, कितीने गेली. मी सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, काल बायकोला ताप होता. ती तरीही मत द्यायला निघाली होती. मीच म्हटलं, झोपून राहा, एका मताने काय होतंय."

टेबलावर माझी पेन्सिल आडवी झाली होती. ती त्यांनी सरळ ठेवली, "तुम्हालाही त्रास झाला" म्हणाले आणि गेले.

मंगळवारी ऑफिसात सेल्सच्या माणसाने सुचवलं, की पुढच्या व्हर्जनमध्ये स्क्रीनवर फक्त पूर्णांक दाखवू, दिसायला स्वच्छ दिसतं. मी नाही म्हटलं. कारण विचारलं, तेव्हा सांगितलं की पॉइंटनंतरच्या घरात कधीकधी माणूस राहत असतो.