शेवटचा बोल्ट

औरंगाबादेत आमच्या शेजारी एक चाचा राहायचे. आमच्या जुन्या गाडीचं ऑइल गळायला लागलं की ते अंगणात येऊन बॉनेट उघडायचे आणि इंजिनाला म्हणायचे, "थांब बेटा, बघतो."

बाबांची उजवी बाजू लुळी पडली, त्या वर्षी चाचांनी इंजिनाच्या झाकणाचं नवं पॅकिंग बसवलं आणि शेवटचा बोल्ट तसाच ठेवून बाबांना हाक मारली. "साहेब, ह्यो तुम्हीच आवळा. याला लई जोर चालतच नाय."

बाबांनी डाव्या हातानं पाना फिरवला. बराच वेळ लागला. चाचा नुसते उभे राहिले.

बाबा आत गेल्यावर मी म्हणालो, "चाचा, एकदा तपासून घ्या ना."

"कशाला? साहेबांनी आवळलाय," म्हणत त्यांनी बॉनेट बंद केलं.