राजाचा पहारेकरी

आमची पोस्ट उत्तर सीमेवर, डोंगराच्या अंगावर. ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे शस्त्र घेऊन मोर्चात सज्ज, मग पेट्रोलिंग, शस्त्रसफाई, जेवण. १५०० ते १६०० नाटकाची तालीम. हो, नाटकाची! कंपनीचा वार्षिक दिवस जवळ आला होता. मेजर साहेब म्हणाले, "हवालदार, इस बार नाटक होगा." मी वडवणीकडचा, जत्रेत दोन वगांत काम केलेला. तेवढ्यावर डायरेक्टर झालो.

नाटक साहेबांनीच निवडलं. एका शूर सेनापतीला तीन चेटकिणी सांगतात, तू राजा होणार. ते त्याच्या डोक्यात भिनतं. बायको चेतवते, आणि मुक्कामाला आलेल्या राजाला तो झोपेत भोसकतो.

राजाचा पहारेकरी होता शिपाई ज्ञानोबा. दिंद्रुडचा, मेंढपाळाचं पोरगं. काम एवढंच, सेनापतीच्या बायकोनं दिलेली दारू प्यायची अन् घोरत पडायचं. पण गडी झोपेल तर शपथ!

"सायेब, वर्दीत, बंदूक जवळ घिऊन कसं झोपू?"

"अबे, नाटक हाय!"

"आसंल. बा म्हणल, राखणीला बसून झोपलास व्हय?"

शेवटी कसाबसा तयार झाला.

कार्यक्रम भर दुपारी, लंगरच्या, म्हणजे जेवणाच्या शेडमध्ये. पहिले दोन प्रवेश झकास झाले. मग सेनापती सुरा घेऊन दबक्या पावलानं आला. फळी करकरली. ज्ञानोबा ताडकन उठला, बंदूक रोखली.

"थम! कौन आता है?"

सेनापतीही शेवटी आमच्याच कंपनीतला, नायक हुद्द्याचा जवान. सुरा टाकून त्यानं दोन्ही हात वर केले अन् संत्रीला द्यायचं ठरलेलं उत्तर दिलं.

"दोस्त!"

शेड हसून हसून लोटपोट. झोपलेला राजाही उठून बसला. मेजर साहेब डोळे पुसत म्हणाले, "राजा बच गया, हवालदार!" मला मात्र संताप आला. महिन्याची मेहनत मातीत गेली होती. "कावून उठलास बे? कंपनीचं नाक कापलंस!" सगळ्यांसमोर बोललो. तो सावधानमध्ये उभा राहिला.

अकरा दिवसांनी, १५४० ला, धुकं उतरलं. ज्ञानोबा पुढच्या संत्री पोस्टवर होता. मागं शेडमध्ये आम्ही नऊ जण चहा पीत होतो. रेडिओ खरखरला.

"फॉरवर्ड पोस्ट. नाल्यात हालचाल. ओव्हर."

मग धुक्यातून त्याचाच आवाज आला, "थम! कौन आता है?" या वेळी दोस्त कुणी म्हणालं नाही. गोळ्या आल्या. ज्ञानोबाची रायफल चार मिनिटं एकटी बोलत होती. तेवढ्यात आम्ही मोर्चे धरले. नऊच्या नऊ वाचलो. ज्ञानोबा गेला. असा संत्री मी उभ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही, आणि माझा तो शब्द परत घ्यायचा राहून गेला.

आता मी पेन्शनवर आहे. यंदा त्याच्या स्मृतिदिनाला दिंद्रुडात तेच नाटक बसवलं. सेनापती झाला ऊसतोडीवरून परतलेला एक गडी. पहारेकरी मी. आधी ज्ञानोबाच्या वडिलांकडं जाऊन सगळं सांगितलं, नाक कापल्याचं बोललो तेही. निघताना विचारलं, "आबा, पहारेकऱ्यानं झोपायचं का उठायचं?"

"त्यो कवा झोपला व्हता?"

प्रयोगात सेनापती सुरा घेऊन आला.

फळी करकरली. मी उठलो, बंदूक रोखली. "थम! कौन आता है?"

ऊसतोडीचा गडी गोंधळला. त्याला हे सांगितलंच नव्हतं. मग पुढच्या रांगेत घोंगडी सावरत आबा उभे राहिले.

"दोस्त," म्हणाले.

मी बंदूक खाली केली आणि सॅल्यूट ठोकला.