हरलेला गडी

कापसाचे भाव पडले होते त्या वर्षांतली गोष्ट. वर्षअखेरची टेनिसची मोठी स्पर्धा भर वेचणीत आली. पहिल्याच सामन्यात माझा आवडता गडी हरला आणि नवऱ्यानं टीव्ही बंद केला. "हारला म्हंजे घरी गेला. चाल वेचाले."

टेनिस मला त्यानंच शिकवलेलं. विश्वास ठेवला. कमरेला फडकं बांधून आठवडाभर केळापूरच्या शेतात राबले.

मग पेपरात पाहते तर माझाच गडी करंडक घेऊन हसतोय! या एका स्पर्धेत आधी गटात खेळतात. एक सामना हरूनही पुढे जाता येतं.

"काहून सांगितलं नाही?"

"वेचाले बाया भेटत नव्हत्या ना!"

फायनल मात्र मेल्यानं शेजाऱ्याकडे बसून पाहिली होती. मी तेव्हा वेचतच होते.