चार रात्री बसलेलं पाखरू

आमच्या शिंपीकाकांनी मागच्या दारावर बल्ब लावला होता आणि त्यावर येणारी पाखरं ते मापाच्या वहीत उतरवून घ्यायचे. शास्त्रातली नावं कुणाला ठाऊक? काकांना कापडाची ठाऊक होती. ‘खाकी, किनार तपकिरी, अस्तर फिकं पिवळं.’ पाखरू उडताना जे खालचे पंख दिसतात, ते अस्तर. ते पाहिल्याशिवाय नोंद पुरी नाही.

काकू करवादायच्या, "माझ्या कोटाचं अस्तर वर्षभर लोंबतंय आणि या उडाणटप्पूंची मापं घेताय!"

एकदा वहीत आलं, ‘राखाडी, काठ फाटका, अस्तर दिसलं नाही.’ दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही तेच. चौथ्या रात्री, ‘चिवट आहे. जागचं हलत नाही.’

काकूंनी ते वाचलं, स्टुलावर चढल्या आणि पाखरू नखानं खरवडून काढलं.

"अहो, पोपडा आहे हा. भिंतीचा."

"बल्ब मंद झालाय."

"बल्ब नाही, डोळे. उद्या दवाखान्यात चला."

"आणि डॉक्टर म्हणाला शिवण बंद, तर खायचं काय? पाखरं?"

काकूंनी हेडमास्तरांची शिवून ठेवलेली निळी पँट आणून पुढ्यात टाकली. काकांनी दुमडीवरून बोट फिरवलं.

"टाका सरळ आहे."

"टाका सरळच आहे हो. दोरा काळा आहे."

काकांनी सकाळी आपण होऊन चपला घातल्या.

मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनं झाली. महिन्या-दोन महिन्यांनी काका मशीनवर बसले, ते नवं काम घ्यायला नाही. आधी शिवलेले कपडे घरोघर जाऊन परत मागून आणले. निळ्यावर काळा दोरा सात ठिकाणी सापडला. सगळं उसवलं, निळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवलं, पैसे नाही घेतले.

हेडमास्तर म्हणाले, "अरे, जुन्या पँटचं मला तर कळलंसुद्धा नव्हतं."

"मला तरी कुठं कळलं होतं!" काका म्हणाले.

त्या रात्री दारावर जुनं गिऱ्हाईक आलं, खाकी, तपकिरी किनारीचं. काका टक लावून बसले. पाखरू उडालं. अस्तर पांढरंशुभ्र!

"अगं, हे आधीपासून पांढरंच होतं का?"

"मला काय विचारता? मापं तुम्ही घेतलीत."

काकांनी वही चाळली. पानोपान फिकं पिवळं. मग कोरं पान काढलं आणि पेन्सिलीला टोक केलं.