ताईने बसवलेला ब्रेक

फोन आला तेव्हा मी डिंडोरीकडच्या एका गावात, शाळेसमोर उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये एका आजोबांची दाढ काढत होतो. पलीकडून माझी भाची अनघा नुसतं "मामा..." म्हणाली आणि थांबली. मग हिंदीत म्हणाली, "आई सुबह चाय बना रही थी, वहीं नीचे बैठ गई..." पुढचं मला विचारावं लागलं नाही. माझी मोठी बहीण कुसुमताई अडुसष्टाव्या वर्षी, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून गेली. जाण्याआधी तिने गॅस बंद केला होता. हे अनघाने मला नंतर तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा मी पहिल्यांदाच ऐकतो आहे असं ऐकलं.

ताई जबलपूरला लष्करी गाड्यांच्या कारखान्यात वायरिंगच्या विभागात होती. ती लागली तेव्हा त्या शेडमध्ये बायका मोजून तीन. भाऊजी लवकर गेले. तिने नोकरी करत जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत अनघाला वाढवलं आणि मला दातांचा डॉक्टर होईपर्यंत दटावत राहिली. माझा दवाखानाही याच शहरात, चेरीतालला. महिन्यातून एकदा मी जीपमागे ट्रेलर जोडून खेड्यात शिबिराला जातो. ट्रेलरमध्ये रुग्णाची खुर्ची, कॉम्प्रेसर, जनरेटर... वजन बरंच. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात घाट उतरताना ते वजन पहिल्यांदा कळलं. मी ब्रेक दाबून जीप थांबवायला बघत होतो आणि मागून ट्रेलर तिला ढकलत होता. वळणावर जीप मातीच्या उंचवट्याला धडकली म्हणून वाचलो. शेजारी बसलेल्या, दवाखान्यातल्या नर्स मीराजींचं मनगट मोडलं.

ट्रेलर विकायचा ठरवून मी ताईकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ट्रेलरच्या चाकांना स्वतःचे ब्रेक नाहीत का?"

"आहेत, विजेवरचे. पण ते जीपमधून चालवायला कंट्रोलर लागतो. बनवणारा म्हणाला, इतक्याशा ट्रेलरला काय गरज."

"मग ट्रेलरला काहून दोष देऊन राहिला? ब्रेक होते, तू जोडले नाहीत."

मला ते फार लागलं. चार दिवस मी फोन केला नाही. पाचव्या दिवशी ती स्वतःच स्कूटरवर दवाखान्यात आली, हातात पेन्सिलीने काढलेला तारांचा नकाशा. "चलो, ऊठ," म्हणाली, "विकायचं नंतर बघू."

दुकानदाराने दोन तऱ्हेचे कंट्रोलर दाखवले. एक साधा; पेडल दाबलं की ठरलेल्या गतीने ठरलेलाच जोर ट्रेलरच्या चाकांना देणारा. दुसऱ्याचं फक्त चित्र होतं, तो बाहेरून मागवावा लागणार होता. जीप किती झपाट्याने मंदावते आहे हे ओळखून तो तेवढाच जोर मागे देतो. "दीदी, ब्रेक तो दोनों में लगेगा," दुकानदार म्हणाला. ताई म्हणाली, "लगेगा भैया, पर कितना? सामने गाय आ जाए तब भी उतना ही, और फाटक पे धीरे से रोकें तब भी उतना ही?" तो हसला आणि दुसरा मागवला.

तिच्याच अंगणात तो बसवला. ताई साडीचा पदर खोचून स्टिअरिंगखाली उताणी झोपली, मी टॉर्च धरली. चार तारा: एक बॅटरीकडून, एक अर्थिंगची, एक ब्रेक-लाइटच्या स्विचवरून, एक मागे ट्रेलरकडे. अर्थिंगची तार मी गाडीच्या रंगवलेल्या पत्र्यावर कसली होती. कंट्रोलरचा दिवा लुकलुकायला लागला. "रंगातून वीज जाते का रे? सरळ बॅटरीला ने," ती आतून ओरडली. मध्येच बाहेर येऊन ती पायरीवर बसली, डावा खांदा चोळत. "पाठ आखडली," म्हणाली. मी म्हणालो, "चहा घे." ... त्या दुखण्याचा पुढे जे झालं त्याच्याशी संबंध होता की नव्हता, कोण सांगणार. पण मी डॉक्टर होतो, आणि मी दिव्याकडे बघत होतो.

मग महाराजपूरच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर ताईने मला धडा दिला. चाळीसचा वेग धरायचा, पायाचा ब्रेक न दाबता कंट्रोलरची खटकी हाताने सरकवायची, फक्त ट्रेलर अडतो का बघायचं. कंट्रोलरवरचा जोराचा आकडा वाढवत जायचं. चाकं जाम होऊन घासली की थोडा उतरवायचा. "सामान बदललं की हे पुन्हा. दरवेळी," ती म्हणाली.

मीराजी पुढच्या शिबिराला यायला तयार झाल्या, पण एका अटीवर: ताईही जीपमध्ये हवी. घाट लागला तशी मीराजींनी दांडी घट्ट धरली. ते वळण आलं, गेलं. जरा वेळाने त्या मागे वळून बघत म्हणाल्या, "अरे, पीछे ट्रेलर है भी कि नहीं?" ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला तसं हसताना मी भाऊजी गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

फोन आला त्या दिवशी मी तोच घाट उतरून तिच्याकडे गेलो. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण गाडी कुठे डगमगली नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा शिबिर होतं. मी नको म्हणत होतो. अनघा सकाळीच आली आणि किल्ली घेऊन स्टिअरिंगवर बसली. अनघाला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अडखळते. मोकळा रस्ता आला तसा तिने वेग चाळीसवर आणला आणि न सांगता खटकी सरकवली. मागे चाकं किंचाळली.

"जनरेटर नाही घेतला ना आज? वजन कमी आहे," ती म्हणाली. "मग जोर पण कमी... कमी करायचं."

"तुला हे कोणी शिकवलं?"

"आईने. इसी रोड पे, चार बार. बोली, मामाला आठवण नाही राहणार."

तिने आकडा थोडा उतरवला, पुन्हा वेग धरून खटकी दाबून पाहिली. ट्रेलर या वेळी मागे हलकेच अडला, आवाज न करता. अनघाने मान डोलावली आणि मगच गाडी घाटाच्या रस्त्याला लावली.